इंग्रजीतील नव्या शब्दांची घडण

महामार्गावरून जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर मागील बाजूस लाल अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल' असे शब्द रंगविलेले असतात. शाळेत इंग्रजी व्याकरण मन लावून शिकलेल्या विद्यार्थ्याने ते वाचले तर त्याची फसगत होण्याचा संभव आहे. 'करेक्ट' याच्या उलट 'इनकरेक्ट', 'व्हिजिबल' याच्या उलट 'इन्व्हिजिबल'. त्याच न्यायाने 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारे, असा अर्थ त्याने लावला तर त्यास दोष देता येणार नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 'पेटविणे' या अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला असून त्यातील 'इन' हा उपसर्ग नकाराचा नाही, 'आत' या अर्थाचा आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा लोकांचीही येथे चूक होते, आणि आगीच्या बाबतीत अशी चूक एकदाच करता येते. म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेतील अग्निप्रतिबंधक संस्थांनी 'इन्फ्लेमेबल' शब्द टाकून देऊन 'फ्लेमेबल' हा शब्द वापरावा असा आग्रह धरला. 'फ्लेमेबल' एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एकदा वापरला गेला होता. परंतु त्यानंतर तो जवळजवळ अडगळीत पडला होता. आज धोकादायक मालावरील आंतरराष्ट्रीय खुणांमध्ये तोच आढळतो.

मराठी वाचकाने या गोष्टीला हसण्याचे कारण नाही. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड आणि 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांसमोर, हा संस्कृतातील अर्थ. परंतु 'माझ्या अपरोक्ष हे घडले' असे म्हणणारा मराठी माणूस त्या वेळी जागेवर नव्हता हे ऐकणाऱ्यास पक्के ठाऊक असते. शब्दाची फोड जाणकार एका रीतीने करतात, बोलणारे लोक दुसऱ्या रीतीने करतात, आणि पुष्कळदा लोकांची फोडच भाषेत टिकते. आधुनिक इंग्रजीत नवे शब्द कसे घडतात याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे अनेक कोडी उलगडतात.

संपूर्णपणे शून्यातून निर्माण झालेले शब्द फार थोडे. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याने आपल्या कॅमेऱ्यासाठी 'कोडॅक' हे नाव योजिले; 'के' हे अक्षर त्यास आवडत असे, एवढेच त्या नावाचे मूळ. 'गॅस' हा शब्दही असाच स्वयंभू भासतो. परंतु सतराव्या शतकात तो बनविणाऱ्या फॉन हेल्मॉन्ट या फ्लेमिश रसायनज्ञापुढे ग्रीकांचा 'केऑस', म्हणजे आदिम अव्यवस्थेचा वाचक शब्द होता. बहुतेक नवे शब्द जुन्या सामग्रीतून, जुन्या शब्दांच्या साच्यावरच उभे राहतात.

जोडून केलेले शब्द

या साच्यांपैकी सर्वांत जुना साचा समासाचा. 'रेल्वे', 'ब्लॅकबोर्ड', 'स्कायस्क्रेपर' हे सर्व सामासिक शब्द. इंग्रजी समासात दोन पदांमधील संबंध सांगणारा कोणताही प्रत्यय नसतो. तो संबंध ऐकणाऱ्याने जाणावयाचा असतो. 'विंडमिल' ही वाऱ्यावर चालणारी गिरणी, 'फ्लोअर मिल' मात्र पिठावर चालत नाही, पीठ काढते. आपल्याकडेही 'पवनचक्की' आणि 'कापडगिरणी' या शब्दांत हाच प्रकार आहे. तथापि मराठी माणूस दोनतीन पदांनंतर थांबतो, तेथे इंग्रजी भाषा थांबत नाही. कार्यालयीन इंग्रजीत पाच-सहा नामे एकामागून एक आगगाडीच्या डब्यांप्रमाणे जोडलेली असतात आणि त्या गाडीचे इंजिन शेवटी असते. भाषांतर करणाऱ्याने प्रथम शेवटचे पद हुडकून मग मागे यावे, हे उत्तम. 'फ्लड रिलीफ' आणि 'फ्लड कंट्रोल' या दोन समासांची घडण वरून सारखी दिसते. परंतु पहिल्यात पुराने गांजलेल्यांना दिलासा आहे, दुसऱ्यात पुराला बंध आहे. पहिल्याचे 'पूरनिवारण' असे भाषांतर झाले तर ज्याचे घर वाहून गेले आहे अशा माणसास ती सूचना वाचून आपल्याला काही मिळणार आहे याचा पत्ताही लागणार नाही.

प्रत्यय लावून शब्द साधण्याची रीत मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. कर्तृवाचक 'अर' हा प्रत्यय सर्वांत कामसू. 'कॉम्प्युटर' हा शब्द याच प्रत्ययाने सतराव्या शतकात सिद्ध झाला आणि तीन शतके तो माणसांना लावला जात होता. वेधशाळांत आणि अन्य संस्थांत पगारावर आकडेमोड करणारे स्त्रीपुरुष हे 'कॉम्प्युटर' होत. यंत्र आले, ती माणसे गेली. शब्द मात्र जागच्या जागी राहिला. मराठीत 'संगणक' शब्द करताना 'लेखक', 'गायक' यांतील जो 'क' प्रत्यय लावला गेला तोही कर्त्याचाच, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

प्रत्ययांचे आणि उपसर्गांचे धोकेही आहेत. 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, याचा उलगडा इंग्रजी कोशांनाही करता आलेला नाही. ते दोन्ही अर्थ देऊन मोकळे होतात. वेळापत्रकात हा शब्द घालणाऱ्याने एक वेळ उतारूंची क्षमा मागून ठेवावी.

प्रत्ययसाधित शब्दाला किती काळ झगडावे लागते याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'सायंटिस्ट'. न्यूटनच्या काळी या शब्दाचे अस्तित्वच नव्हते. निसर्गाचा अभ्यास करणारा तो 'नॅचरल फिलॉसॉफर' म्हणवून घेई. १८३३ मध्ये केंब्रिज येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत कवी कोलरिज याने, प्रयोग करीत बसणाऱ्या मंडळींनी तत्त्वज्ञ हे पद मिरवू नये, असा आक्षेप घेतला. मग यांना म्हणावे तरी काय? विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या पंडिताने 'आर्टिस्ट' शब्दाच्या धर्तीवर 'सायंटिस्ट' असा शब्द सुचविला. पुढच्याच वर्षी एका नियतकालिकात मेरी सॉमरव्हिल या विदुषीच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिताना त्याने तो छापलाही, आणि १८४० मध्ये गंभीरपणे त्याचा पुरस्कार केला. तरी तो शब्द रुळण्यास दोन पिढ्या लागल्या. टी. एच. हक्सलेसारख्या थोर शास्त्रज्ञास तो अखेरपर्यंत रुचला नाही. याच ह्यूएलने १८३४ मध्ये फॅरडेला 'ॲनोड', 'कॅथोड', 'आयन' हे शब्द पुरविले, ते मात्र विनातक्रार स्वीकारले गेले. प्रयोगशाळेतला शब्द प्रयोगशाळेत राहतो, त्याला विरोध करण्यास कोणी येत नाही. माणसांना लावावयाचे नाव माणसे पारखून घेतात.

पदवीधर मंडळींचा आणखी एक जुना आक्षेप संकराविषयीचा. 'टेलिव्हिजन' हा शब्द १९०० मध्ये पॅरिस येथील वीजविषयक परिषदेत कॉन्स्टान्टिन पर्स्की या रशियन गृहस्थाने वापरला. त्यातील 'टेली' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन, म्हणून शुद्धिवाद्यांनी नाके मुरडली. ज्या लोकांनी पुढे संध्याकाळी त्यासमोर बसावयास सुरुवात केली त्यांनी त्याचे गोत्र विचारले नाही. सावरकरांनी सुचविलेला 'दूरदर्शन' या दृष्टीने एकजिनसी ठरतो. उलट, 'हेडमास्तरीण' या अस्सल मराठी शब्दात इंग्रजी पदांना मराठी स्त्रीप्रत्यय लागला आहे, आणि तो ऐकताना कोणाच्याही कानाला खडा लागत नाही.

कातरलेले आणि सांधलेले शब्द

एकोणिसाव्या शतकानंतर इंग्रजीत ज्या रीतींना विशेष भर आला त्यांतील एक म्हणजे शब्द कातरून लहान करणे. 'इन्फ्लुएंझा'चा मधला तुकडा ठेवून 'फ्लू', 'टेलिफोन'चे शेपूट ठेवून 'फोन', 'लॅबोरेटरी'चे डोके ठेवून 'लॅब'. सर्वांत नवलाची कथा 'बस' या शब्दाची. पॅरिस शहरात १८२८ च्या सुमारास आणि लंडनमध्ये १८२९ साली, कोणीही पैसे देऊन बसावे अशी घोड्यांची मोठी गाडी सुरू झाली. तिला 'ऑम्निबस' असे नाव पडले. लॅटिन भाषेत 'ऑम्निस' म्हणजे सर्व, आणि 'ऑम्निबस' हे त्याचे चतुर्थीचे अनेकवचन, म्हणजे 'सर्वांसाठी'. लोकांनी त्यातील मुख्य शब्द टाकून दिला आणि विभक्तीचे शेपूट तेवढे ठेवले. मराठीत 'सर्वांसाठी' या नावाची गाडी असती आणि लोक 'साठी आली का, साठी गेली का' असे विचारू लागले असते, तर जो प्रकार झाला असता तोच हा. पुढे हे शेपूट स्वतंत्र शब्द मानले जाऊन 'ट्रॉलीबस', 'मिनीबस' असे नवे समासही त्यापासून झाले. महाराष्ट्रात १९४८ मध्ये राज्य परिवहनाची गाडी निघाली तेव्हा लोकांनी 'बस' हेही नाव बाजूस ठेवून तिला 'एसटी' केले, आणि गोव्यात १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाल्यावर गाडीच 'कदंब' झाली. एका प्राचीन राजवंशाचे नाव अशा रीतीने रोज फलाटावर घेतले जाते.

दोन शब्दांचे तुकडे घेऊन एकजीव करणे ही दुसरी रीत. लुइस कॅरल याने १८७१ च्या आपल्या बालग्रंथात अशा शब्दांना दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीची, 'पोर्टमॅन्टो'ची उपमा दिली. तेव्हापासून ते नाव व्याकरणातही रूढ आहे. त्याने विनोदाने केलेला 'चॉर्टल' हा शब्द आज गंभीर कोशात आहे. 'ब्रेकफास्ट' आणि 'लंच' यांचे 'ब्रंच' १८९५ मधले. 'मोटर' आणि 'हॉटेल' यांचे 'मोटेल' १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रस्त्यावर पाटी म्हणून प्रथम लागले.

अशा शब्दांची गणना बहुधा गमतीत होते; परंतु 'स्मॉग' या शब्दाची गोष्ट गमतीची नाही. लंडनमध्ये हिवाळ्यात दाट धुके पडे, त्यात लक्षावधी चुलींचा कोळशाचा धूर मिसळे, आणि लोक सर्वालाच धुके म्हणत. धुके हे निसर्गाचे देणे, त्यावर उपाय काय असणार? कोळशाच्या धुरास आळा घालण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेतील डॉ. देव्हू यांनी १९०५ मध्ये 'स्मोक' आणि 'फॉग' यांपासून 'स्मॉग' हा शब्द वापरून, यातील अर्धा भाग मनुष्याने केलेला आहे, हे एका शब्दात दाखवून दिले. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस लंडनवर हे आवरण बसले. त्या वेळचा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४,००० होता. नंतरच्या संशोधकांनी तो १०,००० च्या वर नेला. १९५६ मध्ये पार्लमेंटने शुद्ध हवेचा कायदा केला. शब्दानंतर कायदा येण्यास अर्धे शतक लागले हे खरे. पण ज्यास नाव नाही त्याविरुद्ध कायदा करणे त्याहूनही अवघड होते. मराठीत भूगोलाच्या पुस्तकांतून 'धूर' आणि 'धुके' यांचे 'धुरके' झाले आहे. तो शब्द त्याच रीतीचा, आणि मुळाइतकाच चांगला आहे.

आद्याक्षरांचे शब्द हे विसाव्या शतकाचे, विशेषतः युद्धकाळाचे आणि कार्यालयांचे अपत्य. 'रडार' १९४० चे, 'लेसर' १९५९ चे. दोन्ही अनेक शब्दांच्या लांबलचक वर्णनांची आद्याक्षरे होत. 'लेसर' हा शब्द 'अर' प्रत्ययाने संपतो असे दिसताच 'टु लेस' असे क्रियापदही तयार झाले. आद्याक्षरी शब्दांचा पूर्वज म्हणून 'ओ. के.'कडे बोट दाखविता येईल. १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने 'ऑल करेक्ट' हे शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांची आद्याक्षरे थट्टेने छापली होती. थट्टा विसरली गेली, आणि आज ती दोन अक्षरे जगातील बहुतेक भाषांत पोचली आहेत.

चुकीच्या फोडीतून शब्द

'लेसर'वरून 'लेस' निघाले, त्याच्या मुळाशी एक व्यापक व्यापार आहे. 'टीच' पासून 'टीचर' होतो हे सर्वांना माहीत असते. त्यामुळे 'एडिटर' हा शब्द ऐकून त्याच्या मागे 'एडिट' असे क्रियापद असलेच पाहिजे, असे लोकांना वाटते. वस्तुतः 'एडिटर' आधीचा, 'एडिट' नंतरचा. 'डोनेशन'वरून 'डोनेट', 'टेलिव्हिजन'वरून 'टेलिव्हाइज' हे असेच बापाआधी लेक जन्मलेले शब्द. ही उलटी साधना संस्कृतासही परकी नाही. 'असुर' हा शब्द प्राचीन. त्याच्या आरंभीचा 'अ' नकाराचा समजून मागाहून 'सुर' म्हणजे देव असा शब्द झाला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. 'विधवा' शब्दातील 'वि' वेगळा काढून 'धव' म्हणजे पती, आणि त्यावरून 'सधवा', हीही तीच परंपरा.

चुकीच्या फोडीची उदाहरणे आधुनिक इंग्रजीत इतकी आहेत की तिला चूक म्हणावे की कल्पकता, असा प्रश्न पडतो. 'हेलिकॉप्टर' हा शब्द ग्रीकमधील 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख यांपासून फ्रान्समध्ये १८६१ च्या सुमारास बनविला गेला. ('प्टेरॉन' हा संस्कृत 'पत्र' शब्दाचा सगोत्र; 'पत्र' याचाही एक अर्थ पंख असा आहे.) तेव्हा त्याची खरी फोड 'हेलिको' आणि 'प्टर' अशी. ती इंग्रजी जिभेस मानवणारी नव्हती; लोकांनी 'हेलि' आणि 'कॉप्टर' असे तुकडे पाडले आणि दोन्ही तुकड्यांना पाय फुटले. 'हेलिपोर्ट' आणि 'हेलिपॅड' हे शब्द त्यातूनच आले, आणि मान्यवरांच्या दौऱ्याआधी तालुक्याच्या मैदानावर चुना टाकणाऱ्या मजुरासही आज 'हेलिपॅड' समजते. 'हॅम्बर्गर' म्हणजे हॅम्बर्ग शहराचा. त्यात डुकराच्या मांसाचा, 'हॅम'चा, संबंध नाही. तरी 'हॅम' वेगळे काढले गेले, उरलेला 'बर्गर' पदार्थाचे नाव झाला, आणि भारतात तर तो शाकाहारीही झाला. 'अल्कोहोल' अरबीतील, त्यात 'अल' हे उपपद आणि 'कुहल' म्हणजे सुरम्याची बारीक पूड. त्याचे तुकडे करताना अरबी व्याकरणाची कोणी पर्वा केली नाही. १९६८ मध्ये वेन ओट्स या अमेरिकन लेखकाने कामाचे व्यसन जडलेल्यास 'वर्कोहॉलिक' म्हटले; तेव्हापासून 'ओहॉलिक' हा व्यसनाचा प्रत्यय होऊन बसला आहे.

'वॉटरगेट' हे तर वॉशिंग्टनमधील इमारतींच्या एका समूहाचे नाव. १९७२ च्या जूनमध्ये तेथे झालेल्या घरफोडीचा शेवट १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यात झाला, आणि 'गेट' या साध्या शब्दाला लफड्याचा प्रत्यय म्हणून वृत्तपत्रांनी कायमचे कामास लावले. अलीकडचे उदाहरण 'ब्लॉग'चे. १९९७ मध्ये जॉर्न बार्गर याने संगणकजालावरील नोंदवहीस 'वेबलॉग' म्हटले. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ याने तोच शब्द थट्टेने 'वी ब्लॉग', म्हणजे 'आम्ही ब्लॉगतो', असा तोडून दाखविला. 'वेब' शब्दाचे शेवटचे अक्षर अशा रीतीने दुसऱ्याच्या घरी नांदावयास गेले.

आयझॅक असिमॉव्ह याची हकीकत याच जातीची आहे. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० मधील नाटकातून आला. तो त्याच्या भावाने सुचविला होता आणि त्यामागे चेक भाषेतील वेठबिगारीचा वाचक शब्द आहे. १९४१ मध्ये असिमॉव्हने एका कथेत 'रोबोटिक्स' असा शब्द लिहिला. 'फिजिक्स', 'मेकॅनिक्स' यांप्रमाणे हा शब्द असणारच, अशी त्याची समजूत होती. आपण तो नव्याने केला हे त्यास मागाहून कळले. साच्याचा जोर असा असतो.

माणसे, क्रियापदे आणि तक्रारी

काही शब्दांच्या मागे जिवंत माणसे उभी असतात. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने खंड कमी करण्याची कुळांची मागणी धुडकावली. कुळांनी हात उगारला नाही. त्यांनी त्याच्याशी व्यवहार तोडला. शेतात मजूर येईना, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. त्याचे पीक काढण्यासाठी बाहेरून माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणास सैन्य. पिकाच्या किमतीहून बंदोबस्ताचा खर्च कितीतरी अधिक झाला. त्या वर्षअखेर त्याचे नाव वृत्तपत्रांत क्रियापद म्हणून छापले जात होते. पंचवीस वर्षांनी, १९०५ मध्ये, वंगभंगाच्या चळवळीत हा शब्द हिंदुस्थानात घरोघर पोचला. मराठीजवळ 'बहिष्कार' हा शब्द आधीच होता. परंतु तो जातिपंचायतीच्या हातातील दंड होता. लोकमान्यांच्या चतु:सूत्रीत आल्यावर त्याचा रोख वरच्या दिशेला वळला.

नामाचे क्रियापद होणे इंग्रजीत इतके सुलभ आहे याचे कारण त्या भाषेने आपले बहुतेक प्रत्यय शतकांपूर्वी गमावले. 'बॉटल', 'पॉकेट', 'फोन' यांना कोणताही प्रत्यय न लावता क्रियापदाच्या जागी बसविता येते. मराठीस 'करणे'ची मदत घ्यावी लागते. या सोयीचाही पूर्वी निषेध झाला होता. १७८९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन याने कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून 'नोटिस', 'ॲडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' यांचा क्रियापद म्हणून होणारा वापर थांबवावा अशी विनंती केली होती. तीनही आज निर्धास्तपणे नांदत आहेत. त्यापूर्वी, १७१० मध्ये, जोनाथन स्विफ्टने 'मॉब' यासारख्या कातरलेल्या शब्दांवर कोरडे ओढले होते. लॅटिनमधील 'चंचल जमाव' या दोन शब्दी प्रयोगाचा तो अर्धा तुकडा. १७१२ मध्ये भाषा स्थिर करण्यासाठी एक मंडळ नेमावे अशी योजनाही त्याने मांडली. ते मंडळ इंग्लंडमध्ये कधीच स्थापन झाले नाही. स्विफ्टच्या यादीतील 'पॉझिटिव्ह'साठी 'पॉझ' हा शब्द नाहीसा झाला, 'मॉब' राहिला. दोन्ही गोष्टी स्विफ्टच्या मताचा विचार न करता घडल्या.

मंडळाऐवजी इंग्रजीस कोश मिळाला. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत ज्याची कल्पना निघाली आणि जेम्स मरे यांनी १८७९ पासून ज्याचे संपादन केले तो ऑक्सफर्ड कोश १९२८ मध्ये पुरा झाला. शिक्षक, धर्मोपदेशक, निवृत्त अधिकारी अशा असंख्य वाचकांनी चिठ्ठ्यांवर उतारे टिपून पाठविले आणि त्यांवरून शब्दांचा इतिहास लिहिला गेला. कोणता शब्द असावा हे कोश सांगत नाही. कोणता आहे, कधीपासून आहे, एवढेच सांगतो.

भारताकडून इंग्रजीस मिळालेले शब्द हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 'पोस्टपोन'च्या धर्तीवर भारतीय कचेऱ्यांत रूढ झालेला 'प्रीपोन' हा साच्यात अचूक बसणारा शब्द आहे. बैठक अलीकडे आणण्यासाठी इंग्रजांजवळ असा एक शब्द नव्हता. त्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. 'लाठीचार्ज'मधील एक पाय देशी आहे आणि एक इंग्रजी.

उलट दिशेने येणाऱ्या शब्दांच्या बाबतीत मात्र सावधपणा हवा, आणि तो प्रसिद्धीच्या कामात असणाऱ्यांनी अधिक ठेवावयास हवा. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगाला 'कोविड-१९' हे तुकडे सांधून केलेले नाव दिले. ते जसेच्या तसे मराठीत आले आणि कोणाची अडचण झाली नाही. त्याच्या पाठोपाठ आला 'लॉकडाउन'. इंग्रजीतही हा शब्द तुरुंगातून आलेला. कैद्यांना कोठडीत बंद करणे हा त्याचा आधीचा अर्थ. मराठी वृत्तपत्रांनी आणि काही सरकारी पत्रकांनी त्यासाठी 'टाळेबंदी' योजिला. परंतु गिरणी कामगारांच्या तीन पिढ्यांनी 'टाळेबंदी' हा शब्द 'लॉकआउट' या अर्थाने ऐकला होता: मालकाने कारखान्यास कुलूप लावले, मजुरी बंद, आणि दाद मागावयाची तर मालकाविरुद्ध. 'लॉक' दोन्हीकडे होते. 'आउट' आणि 'डाउन' यांतील भेद भाषांतरात गळून गेला. घरात राहा असे सांगणारी सूचना आणि कारखाना बंद झाल्याची सूचना या दोहोंस एकच शब्द उरला. 'संचारबंदी' हा शब्द हाताशी होता, पण त्यास कायद्याने वेगळाच अर्थ दिलेला होता. अखेर गावोगाव लोकांनी स्वतःच 'लॉकडाउन' म्हणावयास सुरुवात केली आणि प्रश्न सोडविला.

१८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रसिद्ध कोश काढला त्याचे 'हॉब्सन-जॉब्सन' हे नावही अशाच ऐकण्यातल्या गफलतीचे. मोहरममधील 'या हसन, या हुसेन' या आक्रोशास गोऱ्या शिपायांनी दिलेले ते रूप. त्यात ज्यांचा मागोवा घेतला आहे अशा शब्दांत मराठीचा एक प्राणीही आहे. आपल्या कुंपणाकडेने सळसळत जाणारे मुंगूस सतराव्या शतकात इंग्रज प्रवाशांच्या लेखनात शिरले. इंग्रजांनी त्याचे 'मंगूस' केले आणि त्याच्या शेवटी 'गूस', म्हणजे बदक जातीचा हंस, ऐकला. त्याप्रमाणे स्पेलिंगही ठरविले. मग अनेकवचनाचा पेच आला, कारण 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते. कोश 'मंगूसेस' असे सांगतात. तरीही एखादे इंग्रज मूल बागेत दोन मुंगसे पाहून 'मंगीस' असे ओरडते, आणि आईबाप त्याची चूक सुधारण्यापूर्वी क्षणभर विचारात पडतात.